सुदामच्या वावरातली देवयानी

आमच्या व्हॅनमध्ये किस्से मुद्दाम कोणी ठेवत नाही. सीटखाली भुईमुगाची टरफलं जशी आपोआप साठतात, तसे ते साठतात. एखाद्या संध्याकाळी चहाला उशीर झाला की गफूरभाई एक काढतात, सिस्टर मेश्राम दुसरा काढतात आणि तिसरा माझ्यावरचाच असतो. माझ्यावरचे जरा जास्तच आहेत, कारण दुर्बीण माझी होती!

व्हॅन म्हणजे डोळ्यांच्या तपासणीची. आर्णी, महागाव, मुकुटबन आणि मधली बारकी गावं. शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत शिबिर, दोन दिवसांचा मुक्काम, मग पुढचं गाव. गफूरभाई गाडी चालवणार, सिस्टर डोळ्यांत थेंब टाकणार, डॉक्टर मॅडम मोतीबिंदू ठरवून संध्याकाळी यवतमाळला परत जाणार आणि मी चष्म्याचे नंबर काढणार. "वरची ओळ वाचा. आता खालची. हे स्पष्ट की ते?" एवढं बोलत माझी सगळी नोकरी गेली.

संध्याकाळनंतर मात्र बोलायला काही नसायचं. माझी बायको मंदा लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती दोन महिन्यांसाठी. नात आता शाळेत जाते, मंदा तिथेच आहे. भांडण नाही, तंटा नाही. तिकडे तिची गरज होती आणि इकडे मी सदा मुक्कामावर, एवढंच. पण यवतमाळच्या घराचं कुलूप काढून आत गेलं की मी निघताना ओट्यावर ठेवलेला कप तसाच ओट्यावर असायचा. तो कप पाहून मला फार एकटं वाटायचं.

जावयाने ते ओळखलं असावं. त्याने वाढदिवसाला एक छोटी दुर्बीण पाठवली. तिला डोळा लावायचाच नसतो. तिपाईवर ठेवायची, फोनवर ताऱ्याचं नाव निवडायचं, ती आपली आपण तिकडे वळते आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते. जो फोटो हलला, ज्यात उजेड शिरला, तो टाकून देते. जागेवर असेल तेवढंच ठेवते. एकदम मोठा उजेड शिरला तर मात्र सगळंच टाकून पहिल्यापासून सुरू करते.

मला देवयानी हवी होती. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारीण, भोवऱ्यासारखे फेर असलेली दुसरी दीर्घिका. हिवाळ्यात दिवस मावळला की ती डोक्यावर येते. पण तिचे फेर नीट दिसायचे तर तासभर अंधार लागतो, सलग, कोणी न हलवलेला. आणि माझ्याजवळ तो एकच हिवाळा होता. फेब्रुवारीत नोकरी संपणार, मार्चात घर आवरून पुण्याला जायचं, हे ठरलेलं. पुण्याच्या आकाशात चंद्र दिसतो तेच खूप.

तेव्हा तासभर अंधार मिळवायचा, ही माझी त्या हिवाळ्यातली एकमेव कामना. आता ऐका!

*

पहिलाच मुक्काम. गावाबाहेर पाण्याच्या टाकीजवळ एक उंचवटा होता. मी तिपाई घेऊन आधीच जाऊन बसलो. गफूरभाई गाडीतून पिशवी आणून ठेवून गेले. अंधार पडला, देवयानी वर आली. मी हात चोळले, पिशवीची चेन उघडली.

आत तीन पुडांचा डबा! वरच्यात पिठलं, मधल्यात भाकरी, खालच्यात ठेचा.

दुर्बिणीची पिशवी आणि डब्याची पिशवी, दोन्ही काळ्या, दोन्ही एवढ्याच. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ग्रामपंचायतीच्या ओसरीवर गफूरभाई आणि सिस्टर ताटं मांडून बसले होते.

"साहेब," गफूरभाई म्हणाले, "तुमी पोटभर पाहून घ्या. तवरिक आमी दुर्बीन खातो!"

त्या दिवसापासून सिस्टरनी दुर्बिणीच्या पिशवीला लाल लोकरीचा गोंडा बांधला. तो अजून आहे.

*

आर्णीला तर शाळेच्या गच्चीवर जागा मिळाली. पण चारी बाजूंना वस्ती, रस्त्यावर दिवे, समोर मोबाइलचं दुकान आणि त्याची निळी पाटी. फोनवर देवयानी म्हणजे नुसता पांढुरका डाग दिसत होता. मी आवरायला लागलो आणि लाइट गेली.

सगळी वस्ती एकदम "अऽऽरे!" म्हणाली. मी एकटाच गच्चीवर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

खालून एक बाई ओरडली, "कोन आहे थो? लाइट गेल्यावर टाळ्या वाजवून राह्यला!"

मी खाली बसलो, चूप. फोटो एकावर एक चढायला लागले. डागाला जरा आकार आला, मधला भाग पिवळसर झाला. इतक्यात खाली शाळेच्या कोपऱ्यावर लाइनमन आला आणि खांबाला शिडी लावली. अंधारात वर मान करून म्हणाला, "गुरुजी, पाच मिंटात देऊन राह्यलो लाइट. शिव्या नका देऊ."

"मी गुरुजी नाही," मी म्हणालो, "आणि काही घाई नाही. सावकाश करा. अगदी निवांत!"

तो शिडीवर थांबला. मग म्हणाला, "साहेब, माही पूर्न नोकरी या खांबावर गेली. सावकाश करा म्हननारा तुमीच पहिले."

त्याने खरंच सावकाश केलं. वस्तीने त्याच्या सात पिढ्या काढल्या, तरी त्याने घाई केली नाही. देवयानी माझ्या फोनवर फुलत होती. फेर दिसतील दिसतील असं झालं, तेव्हा गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. लाइनमनच वर आला होता, असं बोलणारा माणूस कोण आहे ते पाहायला. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून त्याने हातातला मोठा टॉर्च माझ्यावर मारला, आणि माझ्यापुढे दुर्बीण होती.

त्याच्यावर रागावणार कसं? चहा पाजला.

*

मुकुटबनला देवयानी अर्धी हाती लागली. अर्धी म्हणजे मधला गोळा झकास, फेर मात्र धूसर. मी मोठ्या कौतुकाने फोन सिस्टर मेश्रामांपुढे धरला. सिस्टरनी आयुष्यभर डोळे पाहिलेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ घेतला, लांब नेला.

"पिकला आहे," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनला घ्या!"

मागे पार्बताबाई नावाची एक म्हातारी बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला मोतीबिंदूसाठी न्यायचं होतं, म्हणून ती आदल्या दिवशीच गाठोडं घेऊन येऊन बसलेली. तिने विचारलं, "कोनाचा डोळा होय?"

मी म्हणालो, "डोळा नाही आजी. ही लांबची चांदण्यांची वस्ती आहे. फार लांब. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात."

"बाप्पा! मंग हे आताचं नोहे?"

"नाही. पंचवीस लाख वर्षांपूर्वीचं."

तिने विचार केला. "मंग आता थे तिथं आहे का नाही?"

"असावी. पण नक्की कोणी सांगू शकत नाही."

"मंग इचारत काहून नाही कोनी?" आजी जरा चिडूनच म्हणाली. "एवढ्या दिवसाचं लांब गेलेलं मानूस असलं तं इचारा लागते ना, आहे का म्हनून!"

सिस्टर हसल्या. मीही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मग मीच मंदाला फोन लावला. ती नातीला झोपवत होती. हळू आवाजात म्हणाली, "जेवलात? बरं. ठेवते, हिला आत्ताच डोळा लागलाय."

*

हा किस्सा गफूरभाई सांगतात तेव्हा सगळे हसतात. मला तो सांगायला आवडत नाही, पण सांगतो.

फोटो काढताना मी फोन फ्लाइट मोडवर ठेवायचो, विमानात ठेवतात तसा. मध्येच कोणाचा फोन आला तर घोटाळा नको. हे पाहून गफूरभाई एकदा म्हणाले, "साहेब, एक गोष्ट इचारू? तुमाले फोन कोनाचा येते?"

मी म्हणालो, "का? येतात की!"

"नाही, म्हनलं, गाडीत तं कदी वाजला नाही."

मला राग आला. त्यांना दाखवायचं म्हणून त्या दिवशी मी फोन चालू ठेवला. मी शाळेच्या पटांगणात, ते ओट्यावर विडा जमवत बसलेले. तास होत आला आणि नशीब पाहा, फोन वाजला! मी विजयी मुद्रेने गफूरभाईंकडे पाहिलं, फोन उचलला. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या आवडीचं गाणं कॉलर ट्यून म्हणून ठेवण्यासाठी एक दाबा."

रेकॉर्ड होतं. पण गफूरभाई पाहत होते, फोन कसा ठेवणार? मी म्हणालो, "हो हो. बोला ना. अरे वा! असं का? घरी सगळे बरे?"

तिचं सगळं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं. दोनदा ऐकलं, कारण काही न दाबल्यामुळे तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी "बरं, ठेवतो, काळजी घ्या," असंही म्हणालो.

गफूरभाईंनी विडा तोंडात टाकला. "कोन होतं?"

"जुने मित्र."

"आवाज बाईचा होता."

एवढं बोलून ते उठले, आत गेले आणि माझ्यासाठी दुसरा विडा लावून आणला. त्या दिवसापासून ते रोज जेवणानंतर शेजारच्या खोलीतून मला मिस्ड कॉल द्यायला लागले. मी कधी उचलला नाही, आणि त्यांनी कधी विषय काढला नाही.

*

आता महागावच्या अलीकडचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक मला अजून त्या डुकरांवरून ओळखतात.

चष्म्याच्या रांगेत सुदाम नावाचा शेतकरी आला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, जवळचं दिसत नव्हतं. तपासता तपासता मी विचारलं, "गावात गच्च अंधार कुठे मिळेल?"

लोक अशा प्रश्नाला आधी वरून खाली पाहतात. सुदाम म्हणाला, "माह्या वावरात या ना. हात डोयाले दिसत नाही इतला अंधार. मी राहतोच तिथं जागलीले."

जागल म्हणजे पिकाची राखण. त्या दिवसांत हरभरा घाट्यांवर आलेला असतो, आणि अंधार पडला की रानडुकरं येतात. म्हणून प्रत्येक वावरात एक माणूस मचाणावर नाहीतर बांधावर शेकोटी करून बसलेला असतो.

सुदामने मला बांधावर बसवलं. काय पाहणार ते विचारलं, तेव्हा मी त्याला पंचवीस लाख वर्षांचं सगळं सांगितलं. माझ्यासाठी शेकोटीसुद्धा विझवली. म्हणाला, "तुमी आहे ना इथं? मंग मी जेवून येतो घरून."

मी म्हणालो, "अगदी आरामात जेवा."

बस! चूक इथेच झाली. मी समजलो, मी पाहुणा. तो समजला, साहेब जागलीला बसले. जाता जाता त्याने शेजारच्या वावरांत सांगूनही टाकलं, "आज माह्याकडे चष्म्यावाले साहेब आहेत." आणि त्या हंगामात पहिल्यांदाच तो घरी जाऊन पाट मांडून, गरम गरम जेवायला बसला.

इकडे अंधार असा सुंदर की काय सांगू! देवयानीचे फोटो चढत होते. पहिला फेर दिसला, दुसरा दिसला. मी फोनवर डोळे लावून बसलो होतो. मागे काहीतरी खुसफुसत होतं. मला वाटलं, वारा.

मग लांबून हाक आली. "आहे का गाऽऽ?" दुसऱ्या वावरातून कोणी उत्तर दिलं, "आऽऽहे!" मग त्याच्या अलीकडच्या वावरातून, "आऽऽहे!" मग आणखी अलीकडून. हाक एकेक वावर ओलांडत माझ्याकडे येत होती. अगदी शेजारच्या वावरातून "आऽऽहे!" झालं आणि मग सगळं शांत.

पुन्हा हाक. पुन्हा शेजारच्यापर्यंत आली आणि थांबली.

ती सुदामसाठी असणार, हे मला कळलं. पण सुदाम जेवायला गेलेला. दुसऱ्याला मारलेल्या हाकेला आपण कसं बोलायचं? इतक्या वर्षांत मला लांबून हाक मारणारं कोणी नव्हतं, ही आपल्यासाठी असेल असं मनातही आलं नाही. मी गप्प बसलो.

तिसरी हाक आली नाही. त्याऐवजी चारी बाजूंच्या वावरांत टॉर्च पेटले आणि ते सगळे टॉर्च माझ्याकडे पळत यायला लागले!

काठ्या, कुऱ्हाडी, घोंगड्या, पायात चप्पल नाही. सगळ्यांत पुढे शेजारच्या वावरातला मारोती. त्याने माझ्या तोंडावर उजेड मारला, माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं.

"जित्ते आहे! साहेब जित्ते आहे गा!"

"मला काय झालंय?" मी म्हणालो.

"मंग ओ काहून नाही देल्ली? आमाले वाटलं पान लागलं तुमाले!" पान लागलं म्हणजे साप चावला. मागे एका वर्षी त्या शिवारात तसं झालं होतं, आणि सकाळपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. तेव्हापासून त्यांचा नेमच होता. ओ आली नाही की हातातलं टाकून पळायचं.

तेवढ्यात कोणीतरी टॉर्च बांधापलीकडे वळवला. पाच-सहा रानडुकरं निवांत हरभरा खात होती. माझ्या पाठीला पाठ लावून, म्हणा ना! आरडाओरडा झाला, डुकरं पळाली, आणि हात धुवायचाही विसरलेला सुदाम धावत आला. त्याने खाल्लेला पट्टा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग दुर्बिणीकडे.

"साहेब," तो म्हणाला, "पंचवीस लाख वर्साआंधीचं दिसते तुमाले, अन् पंधरा फुटावरचे डुक्कर नाही दिसले?"

अंधारातून मारोती म्हणाला, "अन् हेच पूर्न गावाचे डोये तपासून राह्यले बाप्पा!"

असं हसले सगळे, असं हसले! मी हात जोडून माफी मागितली. सुदाम म्हणाला, "जाऊ द्या. डुकरं काई नवीन नाहीत. पन ओ देत जा साहेब. ओ नाही आली तं मानसाचं कायीज हालते."

फोटो अर्थातच गेला. एवढे टॉर्च शिरल्यावर दुर्बिणीने सगळं टाकून दिलं. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला शाळेच्या वर्गात अंथरुणावर पडल्यावर कळलं. मला सारखं तेच दिसत होतं, चारी बाजूंनी पळत येणारे टॉर्च. मी बोललो नाही म्हणून इतकी माणसं अनवाणी धावत आली होती. घरी मी आठवडा-आठवडा बोलत नव्हतो. मला रडू आलं, आणि शेजारी गफूरभाई घोरण्याचं सोंग करत होते.

*

दुसऱ्या संध्याकाळी मी परत गेलो. गफूरभाई म्हणाले, "साहेब, आता काय मार खायले जाता?" आणि स्वतःही आले.

सुदामने मला पुन्हा त्याच बांधावर बसवलं. "आज मी मचानावर आहे. पन या कोपऱ्याची ओ तुमची."

हाक आली. एकेक वावर करत आली. मारोतीचं "आऽऽहे!" झालं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आहे."

"कोन आहे गा तिकडे?" मारोती ओरडला. "कोंबडीचं पिल्लू आहे का?"

मी पुन्हा म्हटलं. ते गफूरभाईंपर्यंतच पोहोचलं. ते म्हणाले, "साहेब, नंबर काढून राह्यले का तुमी? छातीतून काढा ना आवाज!"

मग मी उभा राहिलो, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि ओरडलो, "आऽऽऽहे!"

पुढच्या वावराने ती उचलली, मग त्याच्या पुढच्याने, आणि नाल्याच्या पार गेली. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी हाक पुष्कळदा फिरली. मी एकदाही चुकलो नाही. मधल्या वेळात पाठीमागे पाहत होतो, डुकरांसाठी, आणि आकाशाकडे पाहायचं विसरलोच.

कधीतरी फोनवर नजर गेली. तास कधीच होऊन गेला होता. देवयानी पूर्ण आली होती! मधला पिवळा गोळा, त्याभोवती निळसर फेर, फेरांमधल्या काळ्या रेघा, शेजारी दोन छोट्या दीर्घिका. मी सुदामला मचाणावरून खाली बोलावलं.

त्याने नवा चष्मा लावून नीट पाहिलं. "झकास आहे," तो म्हणाला. "यात माहं वावर कुठं आहे?"

"वावर नाही येत यात. हे वरचं आहे."

"अन् तुमी?"

"मीही नाही. मी खाली होतो."

"असं कसं?" सुदाम म्हणाला. "ओ तं तुमीच देऊन राह्यलते!"

मी तो फोटो त्याच्या फोनवर पाठवला. तेव्हाच त्याने माझा नंबर घेतला. सेव्ह करताना नाव विचारलं नाही, "कोपऱ्यावाले साहेब" असं म्हणत टाकलं.

*

फेब्रुवारीत मला निरोप दिला. शाल, नारळ, सिस्टर मेश्रामांचं भाषण. त्यात डुकरं होतीच! मार्चात पुण्याला निघालो तेव्हा गफूरभाई स्टँडवर सोडायला आले. बस सुटल्यावर एक मिस्ड कॉल दिला.

पुण्यात सगळं ठीक आहे. मंदा आहे, लेक आहे, जावई आहे, नात माझ्या पाठीवर बसते. कोणी मला उणं-दुणं बोलत नाही. पण प्रत्येकाचा दिवस आधीच भरलेला आहे, आणि मी त्या दिवसाच्या कडेने चालतो. सकाळी दूध आणतो, दुपारी नातीला बसवरून आणतो. गेटवरचा वॉचमन, कानटोपी ओढलेला, येता-जाता सलाम करतो. मी मान हलवतो. त्याचं गाव विचारायचं राहूनच गेलं होतं. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीत मी दुर्बीण लावली, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी फार स्पष्ट आली.

परवा डिसेंबरातली गोष्ट. जेवणं झाली होती. आत टीव्ही चालू, लेक लॅपटॉपवर, मंदा नातीचा डबा धूत होती. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. देवयानी डोक्यावर असणार, हे मला माहीत होतं. वर नुसतं नारिंगी धुकं होतं.

फोन वाजला. सुदाम.

ना रामराम, ना ख्यालीखुशाली. एकदम कानठळ्या बसतील असं, "आहे का गाऽऽऽ?"

मी आत पाहिलं आणि हळूच म्हणालो, "आहे."

"असं नाही साहेब! मारोतीच्या वावरात गेलं पाहिजे. फोन स्पीकरवर आहे. समदे आयकून राह्यले."

आणि खरंच, त्याच्यामागे ती शांतता ऐकू येत होती. शेकोटीचं तडतडणं, लांब कुठेतरी कुत्रं. सगळी वावरं थांबली होती.

मी उठलो. फोन कठड्यावर ठेवला. दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि पुण्याच्या त्या सातव्या मजल्यावरून होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "आऽऽऽहे!"

टीव्हीचा आवाज बंद झाला. समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन खिडक्यांत दिवे लागले. मंदा ओल्या हातांनी धावत आली आणि माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "अहो, काय झालं? काय होतंय तुम्हाला?"

मी तिला काही सांगणार, इतक्यात खाली गेटवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वॉचमन केबिनच्या बाहेर आला होता. त्याने कानटोपी वर केली, आमच्या गॅलरीकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"आऽऽऽहे!"

फोनमधून सुदामचा आवाज आला.

"साहेब, हे कोन्या वावरातलं बोललं हो?"